एसडीए४ वर फाइलसिस्टीम बनतच नाही, ३३० जीबीचं पार्टिशन १ के दाखवतंय!

रामबागी
मंडळी, काल रात्रीपासून डोकं फिरलंय, जाणकारांनी जरा बघा. इंदूरच्या घरी बाबांचा जुना डेस्कटॉप आहे, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ७. त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे, कारण त्यात त्यांचं श्रीलिपीतलं सगळं जुनं टायपिंग आहे आणि डी ड्राइव्हमध्ये पणजोबांच्या वेळच्या मोडी कागदांचे स्कॅन आहेत, रिटायर झाल्यावर दोन वर्षं रोज सकाळी पोहे झाले की बसून एकेक पान केलेले. मी मागच्या खेपेला आलो तेव्हा १२० जीबीची एसएसडी वेगळी लावून त्यावर लिनक्स मिंट टाकलं, ते छान चालतंय. जुन्या डिस्कवर १३० जीबी जागा नुसती पडलीय, म्हटलं तिथे लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम (फाइल ठेवायची मांडणी) करून घेऊ, स्कॅन साफसूफ करून त्यात ठेवता येतील.

लिनक्समध्ये ही जुनी डिस्क म्हणजे एसडीए आणि तिचे भाग, म्हणजे पार्टिशन, एसडीए१, एसडीए२ असे. ते दाखवणाऱ्या एफडिस्कने बघितलं तर एसडीए१ १०० एमबी, एसडीए२ म्हणजे सी ड्राइव्ह १२० जीबी, एसडीए३ रिकव्हरी १५ जीबी, आणि एसडीए४ ३३० जीबी, समोर एक्स्टेंडेड असं लिहिलेलं. त्याच्याखाली एसडीए५ २०० जीबी, तो डी. मी हिशेब केला, ३३० मधले २०० गेले उरले १३०, म्हणजे रिकामी जागा एसडीए४ मध्येच आहे, मग फॉरमॅट पण त्यालाच मारायचं ना? फाइलसिस्टीम बनवायची कमांड, एमकेएफएस डॉट ईएक्सटी४, दिली एसडीए४ ला. त्याने विचारलं इथे डॉसचं पार्टिशन टेबल सापडलंय, तरी पुढे जाऊ का? मी वाय दाबलं. तर एरर आली की आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद) साइझ १२८ गुणिले आयनोड काउंट ० हे ० ब्लॉकच्या फाइलसिस्टीमला फार मोठं होतंय. म्हणजे शून्य हे शून्यापेक्षा मोठं?? मग डिस्कची यादी दाखवणारं एलएसबीएलके मारलं तर एसडीए४ समोर चक्क १ के. ३३० जीबीचं १ के!

डी गेला का? बाबांना काही सांगितलेलं नाही, ते आत्ता दुपारचे झोपलेत.

(कमांडपण देवनागरीतच लिहितोय, फोनवर कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा.)

पोहेवाला
कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकली. 'एमकेएफएस: कमांड सापडली नाही' म्हणतंय. आता काय करू भिया?

स्वाती_सु
रामबागी, आधी एक कर. मशीन बंद करू नकोस आणि आणखी काही दाबू नकोस. टेबल खरंच बिघडलं असेल तरी चालू कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डोक्यात जुनं टेबल असतं, रीबूट केलंस की तेही गेलं.

आणि तो वाय. डॉसचं पार्टिशन टेबल सापडलंय म्हणून मशीन स्वतःहून सांगतंय आणि तू वाय दाबतोस. धन्य आहेस.

जुना_सिसॅडमिन
घाबरू नका, बहुतेक काहीही गेलेलं नाही. एलएसबीएलकेमध्ये एसडीए५ अजून २०० जीबी दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर तो रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडा, माउंटला उणे ओ आरओ द्या, आणि स्कॅनचे फोल्डर उघडून बघा. एक्स्टेंडेडचं १ के दिसणं हे नॉर्मल आहे, ते तुमच्यामुळे झालेलं नाही, आधीपासून तसंच होतं, तुम्ही बघितलं आज. एफडिस्क डिस्कवरचं टेबल वाचून आकडा सांगतो म्हणून तिथे ३३०, आणि एलएसबीएलके कर्नलला विचारून सांगतो म्हणून १ के. आणि एमकेएफएस हिशेब करतानाच अडकला, डिस्कवर लिहायला त्याने सुरुवातच केली नाही.

आता चूक कुठे झाली ते. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइट. त्यातले ४४६ बूट कोडला, शेवटचे २ सहीचे, मधे उरले ६४. प्रत्येक पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. पाचव्याला जागाच नाही. त्यावर काढलेली पळवाट म्हणजे एक्स्टेंडेड: चारपैकी एक नोंद खर्च करून डिस्कचा एक मोठा पट्टा आखून घ्यायचा आणि त्याच्या आत हवी तेवढी लॉजिकल पार्टिशन करायची. फाइलसिस्टीम बसते ती लॉजिकलवर. एक्स्टेंडेडवर नाही. लिनक्समध्ये लॉजिकलचे नंबर कायम ५ पासून सुरू होतात, १ ते ४ टेबलातल्या चार नोंदींचे असतात, भरलेल्या असोत की रिकाम्या.

वाड्यासारखं समजा. म्युनिसिपालटीच्या रजिस्टरात घर नंबर ४ म्हणजे अख्खा वाडा, पण राहायचं असतं ते आतल्या खोलीत. तुम्ही वाड्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर पलंग टाकायला निघालात. तुमचे १३० जीबी म्हणजे अंगणात मोकळी जागा आहे, तिथे आधी खोली बांधा, ती होईल एसडीए६, मग तिला एमकेएफएस करा.

बिट्टू_देव
आजच्या काळात एमबीआर कोण वापरतं? सरळ जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, करा, १२८ पार्टिशन मिळतात, एक्स्टेंडेड-लॉजिकलची भानगडच नाही. विषय संपला.

जुना_सिसॅडमिन
विषय तिथे नाही संपत बिट्टूशेठ. मशीन जुनं आहे, विंडोज ७ बायॉस मोडमध्ये बूट होतंय असं दिसतंय, आणि विंडोज जीपीटी डिस्कवरून बूट व्हायला बायॉसच्या जागी आलेलं यूईएफआय लागतं. टेबल बदललंत की काकांचं विंडोज उठणार नाही. मग तुम्ही जाणार का रामबागेत त्यांना समजवायला?

बिट्टू_देव
मग विंडोज काढून टाका ना. श्रीलिपी काय, युनिकोडमध्ये करून घ्या सगळं.

स्वाती_सु
बिट्टू, तुझ्या घरी वडील आहेत का रे?

बडोदेकर
वाड्याचं उदाहरण झकास. पण आमच्या दांडिया बाजारातला वाडा तोडून कधीचे फ्लॅट झाले, म्हणजे आमच्याकडे जीपीटी आलं म्हणायचं. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आणि कोणी कोणाला ओळखत नाही.

माझा अनुभव सांगतो, कारण रामबागींनी त्या भिंतीवर खरंच काही लिहिलं गेलं असतं तर काय झालं असतं ते मी भोगलेलं आहे. आतल्या खोल्यांची यादी एका जागी नसते. प्रत्येक लॉजिकलच्या आधी एक छोटा सेक्टर असतो, ईबीआर म्हणतात त्याला, त्यात दोनच कामाच्या नोंदी, एक ही खोली कुठे आहे आणि दुसरी पुढची चिठ्ठी कुठे आहे. लहानपणी चिठ्ठ्यांचा खजिना शोध खेळायचो ना, अगदी तसं, या चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता. माझ्या १६० जीबीच्या डिस्कवर चार लॉजिकल होती, ५ ते ८. एक दिवस ६ च्या आधीच्या चिठ्ठीवरच बॅड सेक्टर आला. झालं, पाच दिसतोय आणि सहा सात आठ तिन्ही गायब! डेटाला धक्का नव्हता, फक्त पत्ता हरवला होता. मोठ्या मुलाच्या मुंजीचे सगळे फोटो आठ नंबरात. बायकोने दोन दिवस जेवायला वाढलं, बोलली काही नाही.

मग एका ओळखीच्या पोराने डीडीरेस्क्यूने अख्खी डिस्क नवीन डिस्कवर उतरवली, आणि त्या कॉपीवर टेस्टडिस्क चालवलं. ते अख्खी डिस्क चाळत जातं आणि कुठे कुठे फाइलसिस्टीमची सुरुवात सापडते ते बघून टेबल पुन्हा लिहून देतं. तिन्ही परत आले. मूळ डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत, कॉपीवर करायचे, हे मी तेव्हापासून मंत्रासारखं म्हणतो.

पोहेवाला
मुंजीचे फोटो आले का पण सगळे?

बडोदेकर
आले. त्यात माझे केस पण आले. मुलाचे नाहीत, त्याचे तेव्हाच उतरवले होते.

लष्करवाला
(लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं, फौजेत नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच.)

ही चूक लिनक्सपुरती नाही हो. आम्ही सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायचो तेव्हा तिथे डिस्कचे स्लाइस असायचे, शून्यापासून, आणि त्यात एस२ म्हणजे रिवाजाने अख्खी डिस्क. आमच्याकडे एक नवीन मुलगा आला, त्याला सांगितलं दुसऱ्या डिस्कवर फाइलसिस्टीम करून दे. त्याने बघितलं, सगळ्यात मोठा एस२ दिसून राहिला आहे, मारला त्यावर न्यूएफएस, म्हणजे तिथलं एमकेएफएस. ते बिचारं विचारतं नवीन फाइलसिस्टीम बनवू का, याने वाय. आता गंमत अशी की ते बनतं! लिनक्ससारखं १ के दाखवून अडवत नाही. एस० आणि एस६ वर आधीचं जे काही होतं त्याच्यावरून नांगर. सुदैवाने टेस्टचा डेटा होता.

फ्रीबीएसडी या आणखी एका सिस्टीमवर तर शब्दच उलटे. तिथे एमबीआरच्या पार्टिशनला स्लाइस म्हणतात आणि त्या स्लाइसच्या आत ए, बी असे जे भाग पाडतात त्यांना पार्टिशन. म्हणजे लिनक्सवाल्याचं पार्टिशन ते त्यांचं स्लाइस. लॉजिकलला तिथेही नंबर ५ पासूनच, एस५, एस६. एकाच खोलीत लिनक्सवाला आणि बीएसडीवाला बसवून पार्टिशनवर बोलायला लावलं तर दोघं तासभर भांडून राहतील आणि म्हणतायत एकच.

पुणेरी_किडा
'दिसून राहिला आहे', 'भांडून राहतील'. ग्वाल्हेरची मराठी वाचून आनंद होऊन राहिला आहे.

लष्करवाला
आणि आमच्याकडे पाणी मागितलं तर पाणी मिळून पण राहतं.

पुणेरी_किडा
😄 हे लागलं.

रामबागी
बातमी: डी जिवंत आहे!! एसडीए५ रीड-ओन्ली माउंट केला, सगळी पानं उघडतायत. सिसॅडमिन काका, तुमचे पाय कुठे आहेत. संध्याकाळी सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन १ टीबीची बाहेरची डिस्क आणतो, आधी सगळे स्कॅन तिकडे, मगच पुढचं.

एक प्रश्न, हे असलं पार्टिशन केलं कोणी? बाबांनी तर नाही केलेलं, त्यांनी फक्त डी ड्राइव्ह बनवलेला.

जुना_सिसॅडमिन
विंडोजने. त्याच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पहिली तीन पार्टिशन प्रायमरी, म्हणजे थेट टेबलातल्या नोंदीची, होतात आणि चौथं करायला गेलात की ते आपणहून एक्स्टेंडेड करून त्याच्या आत लॉजिकल टाकतं, विचारत नाही. काकांना वाटलं डी केला, प्रत्यक्षात वाडा आणि त्यात एक खोली असं दोन्ही झालं. आणि बरंच झालं. त्या काळात असे कितीतरी लॅपटॉप यायचे की कंपनीनेच चारही प्रायमरी भरून पाठवलेली, एक बूट, एक सी, एक रिकव्हरी आणि एक त्यांच्या टूल्सचं. १०० जीबी मोकळी करा नाहीतर २००, पाचवी नोंदच नाही म्हटल्यावर ती जागा वापरताच येत नव्हती. लिनक्स टाकायला पोरं यायची आणि रिकव्हरी उडवावी लागते ऐकून परत जायची.

मुळात ही पळवाट काढली तेव्हा कोणाला वाटलं होतं इतकी वर्षं टिकेल. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला तेव्हा हार्डडिस्क होती १० एमबीची आणि डॉस २.०, चार पार्टिशन म्हणजे चैन. मग डिस्क वाढल्या, पण डॉसला एका पार्टिशनमध्ये ३२ एमबीच्या वर झेपत नव्हतं, म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये हे एक्स्टेंडेडचं प्रकरण आलं. ३२ एमबीची अडचण गेली, ठिगळ मात्र राहिलं.

बिट्टू_देव
म्हणजे मी म्हणतोय तेच. ठिगळ. जीपीटी.

एलव्हीएम_भक्त
लॉजिकल पार्टिशन कशाला, एकच करून एलव्हीएम करा, मग हवं तेव्हा वाढवा कमी करा.

स्वाती_सु
आले. त्याला आधी एसडीए६ तर बनवू दे.

रामबागी, बनवायच्या आधी एक धोका सांगते, हा मी स्वतःच्या हाताने केलेला आहे. एसजीएसआयटीएस या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. माझ्या मशीनवर एसडीए५ वर एक जुनं डिस्ट्रो (लिनक्सचा एक प्रकार), ६ वर स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) आणि ७ वर होम (माझ्या सगळ्या फाइल). जुनं डिस्ट्रो नको म्हणून ५ उडवलं. आता प्रायमरीत एखादं उडवलं तर बाकीचे आपल्या नंबरावर बसून राहतात, पण लॉजिकलमध्ये मधली चिठ्ठी गेली की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. ६ चं झालं ५ आणि ७ चं झालं ६. आणि माझ्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे जोडायचं त्या यादीत) पक्के नंबर लिहिलेले! रीबूट केलं तर होम सापडेना, स्वॅप लागेना. एरर म्हणतेय एसडीए६ वर स्वॅपची सही नाही. मला वाटलं स्वॅप बिघडलं, मी हुशारीने एमकेस्वॅप मारलं एसडीए६ वर. आणि एसडीए६ म्हणजे तेव्हा कोण?

पोहेवाला
होम. अगं बाई.

स्वाती_सु
होम. फायनल इयरच्या प्रोजेक्टसकट. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, बाहेर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालीय, पाण्याचे फवारे, गुलाल, अख्खं इंदूर रस्त्यावर, आणि मी खोलीत बसून रडतेय.

वाचलं ते असं की एमकेस्वॅप अगदी सुरुवातीचा तुकडाच खराब करतं, आणि ईएक्सटीवाल्यांनी सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइलसिस्टीमच्या मूळ नोंदीच्या, नकला डिस्कभर ठेवलेल्या असतात. ४ के ब्लॉक असेल तर पहिली नक्कल ३२७६८ नंबरच्या ब्लॉकवर. फाइलसिस्टीम दुरुस्त करणाऱ्या ई२एफएससीकेला उणे बी ३२७६८ दिलं आणि त्याने बघता बघता सगळं जुळवून दिलं. तो आकडा मला फोन नंबरासारखा पाठ आहे. तेव्हापासून एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच लिहिते, बीएलकेआयडीने मिळतो तो लांबलचक नंबर, पार्टिशन कितीही सरकलं तरी तो फाइलसिस्टीमबरोबर जातो.

तू नवीन शेवटीच जोडतोयस म्हणून काकांच्या ५ ला काही होणार नाही. पण सवय आत्तापासूनच लाव.

जुना_सिसॅडमिन
स्वातीताईंनी फार कामाचं लिहिलं. मी फक्त एवढंच जोडतो की पूर्वी आयडीई डिस्क एचडीए म्हणून दिसायच्या तेव्हा ६३ पार्टिशनपर्यंत चालायचं, आणि मग नव्या ड्रायव्हरांनी सगळ्यांना एसडीए केलं तेव्हा काही वर्षं मर्यादा १५ वर आली होती. आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी एका डिस्कवर वीसेक केलेली होती, प्रत्येक डिस्ट्रोला वेगळं. कर्नल अपग्रेड केल्यावर १५ च्या पुढची सगळी अदृश्य. त्यांनी दोष नवीन कर्नलला दिला, स्वतःच्या हौसेला नाही.

रामबागी
झालं!!! तपशील लिहितो, पुढे कोणाला लागला तर.

डिस्क आणली, स्कॅन कॉपी केले, मोजून बघितले. मग एफडिस्क एसडीएवर उघडलं, एसडीए४ वर नाही, हेही लिहून ठेवा, आख्ख्या डिस्कवर उघडायचं. एन (नवीन) दाबलं. त्याने स्वतःच सांगितलं की सगळी प्रायमरी वापरात आहेत, लॉजिकल ६ जोडतोय. काय ते समाधान! पहिला सेक्टर शेवटचा सेक्टर दोन्हीला एंटर. पी दाबून टेबल बघितलं, ५ जागच्या जागी आहे ना ते दहा वेळा बघितलं, मग डब्ल्यू (डिस्कवर लिही). ते म्हणालं टेबल परत वाचता आलं नाही, डिव्हाइस बिझी, कारण डी माउंट केलेला होता तो मी काढायला विसरलो. डी अनमाउंट केला, टेबल परत वाचायला लावणारं पार्टप्रोब चालवलं, एसडीए६ आलं. त्यावर एमकेएफएस डॉट ईएक्सटी४, उणे एल देऊन 'मोडी' असं नाव दिलं. काही सेकंदात तयार.

पण आता दोन गोष्टी. एक, माउंट केलं तर त्यात फाइल टाकता येत नाही, परमिशन नाही म्हणतंय. दोन, १३० ची जागा होती तर मोकळी १२१ दाखवतंय. ९ जीबी कोणी खाल्ली? आणि आत लॉस्ट प्लस फाउंड नावाचं फोल्डर आहे ते मी बनवलेलं नाही.

पोहेवाला
९ जीबी राजकारण्यांनी खाल्ली.

स्वाती_सु
नवीन फाइलसिस्टीमचा मालक रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य युजर, असतो. माउंट करून मग त्या फोल्डरवर एकदा चाऊन (मालक बदलणारी कमांड) मार स्वतःच्या नावाने, माउंट केल्यावर हं, आधी केलंस तर खालच्या रिकाम्या फोल्डरला लागेल आणि परत इथे येशील. लॉस्ट प्लस फाउंड राहू दे, एफएससीकेला काही अनाथ सापडलं तर तो तिथे ठेवतो.

९ जीबीतली साधारण दोन आयनोडच्या टेबलात गेली, ती जाणारच. बाकी साडेसहा म्हणजे ५ टक्के रूटसाठी राखून ठेवलेली असतात, डिस्क गच्च भरली तरी सिस्टीमला श्वास घेता यावा म्हणून. नुसत्या डेटाच्या पार्टिशनला तेवढी नको, ट्यून२एफएसला उणे एम १ दे, पाचेक जीबी परत मिळेल.

बडोदेकर
एक शंका. मुळात ईएक्सटी४ का? काका विंडोजवर बसतात, त्यांना ते साफ केलेले स्कॅन दिसणारच नाहीत. विंडोजचं एनटीएफएस केलं असतं तर दोन्हीकडून चाललं असतं. घर दोघांचं आहे तर भाषा दोघांना कळेल अशी हवी ने.

रामबागी
बडोदेकर, खरं सांगू? त्यांना दिसू नये हाही एक हेतू होता. 🙈 मागे एकदा मी सरळ केलेली पानं त्यांनी 'ही फार पांढरी झाली' म्हणून उडवली होती. झाली तयार की डीमध्ये कॉपी करून देईन.

एलव्हीएम_भक्त
एसडीए६ बनलं का? आता एलव्हीएम...

स्वाती_सु
नाही.

नवखा_२२
धागा वाचून काढला, मस्त. पण मूळ प्रश्न राहिलाच की, १ के *का*? ते नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, पण अख्खी साइझ दाखवत नाही तर शून्य तरी दाखवावं, बरोबर १ के कुठून आलं?

जुना_सिसॅडमिन
शाब्बास, हा विचारायचा प्रश्न, मी गडबडीत टाळला होता. १ के म्हणजे ५१२ चे दोन सेक्टर. कर्नलचा जो भाग डॉसचं टेबल वाचतो त्याच्या कोडमध्येच शेरा लिहिलेला आहे, अर्थ असा की कोणी एक्स्टेंडेडवर एमकेएफएस किंवा एमकेस्वॅप करू नये म्हणून हे, पण लिलोला जागा ठेवा. लिलो म्हणजे ग्रबच्या आधीचा बूटलोडर, तो एक्स्टेंडेडच्या पहिल्या सेक्टरात बसवता यायचा. म्हणून शून्य करता येत नव्हतं, आणि पूर्ण उघडं ठेवलं तर कोणीतरी येऊन फॉरमॅट मारणार हे माहीत होतं. दोन सेक्टर ठेवले. लिलो आता फारसं कोणी वापरत नाही, जागा तशीच आहे.

रामबागी, तुमच्यासारखा कोणीतरी एक दिवस वाय दाबणार हे त्यांनी तुम्ही शाळेत असतानाच लिहून ठेवलं होतं.

लष्करवाला
आणि त्या शून्य गुणिले १२८ च्या एररचं मूळही तेच. १ केमध्ये ईएक्सटी४ चा सुपरब्लॉकसुद्धा मावत नाही, तो सुरूच १०२४ व्या बाइटापासून होतो. ब्लॉक शून्य, आयनोड शून्य. एमकेएफएसने हात टेकले पण भाषा अशी वापरली की माणूस वेडा होऊन राहील.

नवखा_२२
वा! आणि माझ्याकडे ४ टीबीची नवीन डिस्क आहे, त्यावर पण असंच एक्स्टेंडेड करू का?

बिट्टू_देव
जीपीटी!!! एमबीआरला २ टीबीच्या पुढचं दिसतच नाही, सेक्टरचा नंबर ३२ बिटात लिहितात म्हणून. आता तरी कोणी भांडू नका.

जुना_सिसॅडमिन
नाही भांडत. या वेळी बिट्टूशेठ शंभर टक्के बरोबर. नवीन रिकामी डिस्क असेल तर जीपीटीच.

बिट्टू_देव
स्क्रीनशॉट घेतला.

रामबागी
अपडेट. बाबांना कळलं. आज विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून बसले होते, म्हणाले हा १३० जीबीचा नवीन तुकडा कसला, याला नाव नाही अक्षर नाही, फॉरमॅट करून घेऊ का? मी स्वयंपाकघरातून पळत आलो, हातातला चहा निम्मा फरशीवर. मग बसून सगळं सांगितलं, वायसकट. रागावले नाहीत. वाड्याचं उदाहरण पटलं, म्हणाले आमच्या कागदांतही तसंच आहे, दप्तरात एका नावावर अख्खी जमीन आणि आत कसणारे पाच.

मग त्यांनी एक पिवळी चिठ्ठी लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली, 'या जागेस हात लावू नये'.

पोहेवाला
फोटो टाक ना चिठ्ठीचा.

रामबागी
टाकतो, पण मोडीत लिहिलीय. घरात त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही.